हे नेमकं काय आहे? (एक झाड, एक साप, एक ठसा)

पायवाट | रविवार, रात्री ९:१२

घाटमाथ्यालगतची टेकडी, पायथ्याशी भातखाचरं, सप्टेंबरचा पहिला आठवडा. तीन गोष्टी ओळखायच्या आहेत, फोटो जोडलेत.

१. साधारण पंधरा फुटी झाड. पानं समोरासमोर, पान तोडलं की पांढरा चीक. हिरव्या, लांब, बारीक शेंगा जोडीजोडीने लोंबताहेत. फुलं संपलेली.

२. संध्याकाळी साडेसातला दगडी गडग्याच्या कडेने जाणारा साप, दीड-दोन फूट. गडद अंगावर पांढुरके आडवे पट्टे. फोटो चार-पाच मीटरवरून घेतलाय, डोकं दगडाआड गेलंय.

३. ओल्या मातीतला ठसा. चार बोटं, नखं दिसत नाहीत.

ॲपला विचारलं तर झाडाला एकदा कुडा म्हणालं, एकदा सप्तपर्णी. सापाला मण्यार, मग दुसऱ्या फोटोवर कवड्या. ठशाला कुत्रा. नावं हवीच आहेत, पण त्याहून जास्त हे हवंय की फोटोत काय असतं तर ॲप आणि माणसं अशी गोंधळली नसती?

खडूस_कोतवाल | ९:२०

सात पानं मोजायला ॲपला बोटं कमी पडली असणार.

झाडपाला | ९:४१

@कोतवाल, ॲप अगदीच वेडं नाही हो. सप्तपर्णीलाही पांढरा चीक असतो, तिच्याही लांब बारीक शेंगा जोडीने लोंबतात. दोन्ही एकाच कुळातली. फरक पानांच्या मांडणीत: सप्तपर्णीत एका पेरावर चार ते सात पानं गोल चक्रात, कुड्यात दोनच, समोरासमोर. पायवाट यांनी शेंगांचा क्लोजअप दिलाय, त्यात पेर आलंच नाही. ॲप तरी काय करणार?

समोरासमोर पानं म्हटल्यावर सप्तपर्णी बाद. पण 'कुडा' हे उत्तर अर्धंच आहे. आपल्याकडे कुडा म्हणवणारी चार झाडं आहेत आणि चारांनाही चीक आहे.

पांढरा कुडा (होलॅऱ्हेना प्यूबेसेन्स): पानं मोठी, वीतभर सहज. फुलात मध्ये झालर नसते, नुसती नळी आणि पाच पाकळ्या. शेंगा जोडीने, पण दोन्ही शेंडे मोकळे.

काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया): पानं लहान, टोकाला निमुळती. फुलाच्या मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर, बर्फाच्या कणासारखी. शेंगांची जोडी देठाशी जुळलेली असतेच, कोवळेपणी खालची टोकंही एकमेकींना चिकटलेली. मधे फट, वर-खाली बंद, चिमट्यासारखा आकार.

तांबडा कुडा (राइटिया आर्बोरिया): पानांवर मखमली लव. दोन्ही शेंगा पूर्ण जुळून एकच जाड कांडी, मधून खाच, अंगावर पांढरे खरबरीत ठिपके.

नागलकुडा: शेंगा लांब नसतातच. आखूड, फुगीर, वाकड्या जोड्या, उकलल्यावर आत नारिंगी. तुमचं झाड हे नाही.

म्हणून प्रश्न एकच: शेंगांच्या खालच्या टोकांचा फोटो आहे का? तुम्ही टोकंच कापलीत फ्रेममधून.

तिरफळ | ९:५८

झाडपाला, बी मिळालं तर आणखी पक्कं होतं ना? शेवरी कुठल्या टोकाला आहे ते बघून?

झाडपाला | १०:०५

बरोबर, ते लिहायचं राहिलं. शेंग वाळून उकलली की आतल्या बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो. पांढऱ्या कुड्यात तो बीच्या वरच्या टोकाला, म्हणजे शेंगेच्या शेंड्याकडच्या बाजूला. काळ्या कुड्यात खालच्या टोकाला, देठाकडे. बी शेंगेत असतानाच बघायचं. एकदा हातात घेतलं की वर कुठलं नि खाली कुठलं ते विसरायला होतं. पण सप्टेंबरात शेंगा हिरव्या, त्यामुळे आत्ता टोकंच कामाची.

यात नुसता नावाचा कीस काढायचा हेतू नाही. पांढऱ्या कुड्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोड इंद्रजव. पोटाच्या औषधात साल लागते ती पांढऱ्याची, आणि भेसळ होते ती काळ्याची.

गवतफुल्या | १०:११

अवांतर: काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग काढत असत, 'टिंक्टोरिया' नाव त्यावरूनच. आणि चीक डोळ्याला लागू देऊ नका. पान तोडून बघितलं की बोटं पुसून मगच कॅमेऱ्याला डोळा लावायचा.

पाणदिवड | १०:३४

सापाकडे वळतो. आधी फोटोवरून जेवढं कळतं तेवढं.

मण्यार (विषारी): अंग काळं, निळसर चकाकी. पट्टे बारीक, दुधी, बऱ्याचदा दोन-दोनच्या जोडीने. मोठ्या मण्यारीत मानेमागचा बराच भाग कोरा असतो आणि शेपटीकडे जाताना पट्टे स्पष्ट होत जातात.

कवड्या (बिनविषारी): अंग तपकिरी, फिकट ते चॉकलेटी. पहिला पट्टा मानेलगत आणि रुंद, पुढचे हळूहळू अरुंद होत शेपटीकडे विरून जातात. डोकं चपटं.

थोडक्यात, पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते बघायचं. नुसते 'पांढरे पट्टे' म्हणजे काहीच नाही. तुमच्या फोटोत मधला भाग आणि शेपटी आहे, ती मोठी करून टाका.

खडूस_कोतवाल | १०:३९

म्हणजे डोक्याकडून वाचलं तर कवड्या, शेपटीकडून वाचलं तर मण्यार. उर्दू-मराठीचा फरक.

सर्पटीप | १०:५२

@पाणदिवड, नियम चांगला आहे, पण नवख्यांनी त्यावर जीव टांगू नये. तीन ठिकाणी तो फसतो.

एक, मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुढपर्यंत, मानेजवळ येऊ शकतात. दीड-दोन फुटी साप म्हणजे मोठा कवड्याही असेल आणि अर्धवट वाढलेली मण्यारही.

दोन, काही मण्यारींवर पट्टे जवळजवळ नसतातच. सगळं अंग काळं. 'पट्टे नाहीत म्हणजे मण्यार नाही' हे धोक्याचं.

तीन, कवड्याचा भाऊ पट्टेरी कवड्या. तो काळपट असतो आणि पट्टे चांगले पांढरे. रंगावरून गेलात तर हमखास मण्यार वाटेल.

पक्की खूण म्हणजे पाठीच्या मधोमध जाणारी खवल्यांची ओळ. मण्यारीत ती शेजारच्या खवल्यांपेक्षा ठळकपणे मोठी आणि षटकोनी, कवड्यात सगळे खवले सारखेच. वरून, उजेडात, स्थिर फोटो असेल तर मोठा केल्यावर ती दिसते. पण त्यासाठी पुढे सरकायचं नाही. चार मीटरवरून दिसली तर दिसली, नाहीतर 'बिनविषारी आहे असं म्हणता येत नाही' हे सुद्धा पूर्ण उत्तर आहे.

पाणदिवड | ११:०३

मान्य. पिल्लांचा मुद्दा लिहायला हवा होता.

उंबरठा | ११:१०

सापच दिसायला हवा असं नाही. गडग्यात कात मिळाली तर? त्यावरून ओळखता येतं का?

सर्पटीप | ११:२८

उलट कातीवरून जास्त खात्रीने ओळखता येतं, कारण ती हातात धरून बघता येते (आधी आजूबाजूला धनी नाही ना ते बघून). पट्टे कातीवर धड दिसत नाहीत, म्हणून रंगाचा मोहच नाही.

काडीने उचला, पाण्यात दोन मिनिटं भिजवा, सपाट कागदावर पसरा. साप कात मोज्यासारखी उलटी काढतो, त्यामुळे आतली बाजू बाहेर असते हे लक्षात ठेवा. मग दोन जागा बघायच्या. पाठीची मधली ओळ मोठी आणि षटकोनी आहे का. आणि शेपटीच्या खालच्या बाजूचे खवले: मण्यारीत एकेक आडवा अखंड खवला, कवड्यात मधून दुभंगलेले, जोडीचे. शेपटी कुठे सुरू होते ते गुदद्वाराच्या खवल्यावरून कळतं, त्याच्या पुढे पोटाचे रुंद खवले, मागे शेपटी.

लांबी मात्र मोजू नका. कात निघताना ताणली जाते, सापापेक्षा लांब भरते. 'सहा फुटी नाग आहे गोठ्यात' या बातम्यांतले निम्मे फूट कातीचे असतात.

तिरफळ | ११:३६

अजून एक जोडी इथेच सांगून ठेवा: फुरसं आणि मांजऱ्या. कोकणात नि घाटावर दोन्ही असतात.

सर्पटीप | ११:४९

फुरसं आखूड आणि जाडसर, डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. बाजूचे खवले करवतीसारखे. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. मांजऱ्या सडपातळ, मान काडीसारखी, डोळे डोक्याच्या मानाने मोठे, खवले गुळगुळीत, डोक्यावर Y सारखी खूण. दोघांचीही बाहुली उभी, म्हणून 'बाहुली उभी म्हणजे विषारी फुरसं' हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

आणि चावलाच तर ओळखत बसू नका. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर मिळून एकच आहे, साप मारून न्यायची गरज नसते. मण्यारीच्या दंशाला तर बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही सापडत नाही. पापण्या जड व्हायला लागल्या की मग कळतं, तोवर वेळ गेलेला असतो.

खुरखुण | सोमवार, सकाळी ७:१५

तिसरा फोटो कुणी बघितलाच नाही वाटतं.

ठसा मांजर कुळातला आहे, कुत्र्याचा नाही. नखं दिसत नाहीत एवढ्यावरून म्हणत नाहीये, कारण कडक जमिनीवर कुत्र्याची नखंही उमटत नाहीत. तीन गोष्टी बघा.

तळव्याच्या मुख्य गादीची मागची कड. मांजरात तिथे तीन फुगवटे, आणि पुढच्या कडेला मधे किंचित दबलेलं. कुत्र्यात गादी त्रिकोणी, मागे तीन फुगवटे नाहीत.

बोटांची मांडणी. कुत्र्यात मधली दोन बोटं एका रेषेत, ठसा डावी-उजवीकडे सारखा. मांजरात एक बोट इतरांपेक्षा पुढे, आपल्या मधल्या बोटासारखं, त्यावरून पाय डावा की उजवा तेही सांगता येतं.

फुली. बोटं आणि गादी यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून मनातल्या मनात फुली काढा. कुत्र्यात ती गादीला न लागता बसते. मांजरात गादी इतकी मोठी की फुली तिच्यावरूनच जाते.

चारच बोटं म्हणजे उदमांजर आणि मुंगूसही बाद, त्यांची पाच उमटतात. तरसाचीही चार, पण नखं दिसतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा बराच मोठा असतो.

उंबरठा | ७:२२

मांजर कुळ म्हणजे बिबट्या???

खडूस_कोतवाल | ७:२४

किंवा शेजारचा बोका. दोघांचाही कुळाचा अभिमान सारखाच.

खुरखुण | ७:४०

तेच माप नसल्याने सांगता येत नाही. फोटोत नाणं नाही, काडी नाही. दहाचं नाणं २७ मिमी, खिशात एक असू द्या. पण ठेवायचं कसं तेही महत्त्वाचं: ठशाच्या शेजारी त्याच पातळीवर, आणि कॅमेरा अगदी सरळ वरून. तिरका फोटो असेल तर नाणं अंडाकृती दिसतं. तसं दिसलं की मापाचा उपयोग नाही हे समजायचं.

चिखलाचंही गणित आहे. मऊ चिखलात पाय रुततो तशा ठशाच्या कडा बाहेर फेकल्या जातात, वर एक पाऊस पडला की आणखी पसरतात. घरच्या मांजराचा ठसा तीन-चार सेंमी, रानमांजराचा पाचच्या आसपास, बिबट्याचा सातच्या पुढे. मापायचं ते ठशाच्या तळाशी, पायाचा खरा दाब जिथे पडलाय तिथे. वरच्या कडेला मोजलं की गावात बिबट्या येतो.

आणि एकट्या ठशावर थांबू नका. मांजर कुळ चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकतं. थोडा चुकला की दोन ठसे एकमेकांवर पडून सहा बोटांचा, लांबट ठसा तयार होतो आणि मग लोक अस्वल म्हणतात. चार-पाच ठशांची ओळ टिपा.

पायवाट | ८:०५

नाणं नव्हतं, पण मूळ फोटो न कापता बघितला तर कडेला माझा बूट आहे. त्याचं काही करता येईल?

खुरखुण | ८:११

का नाही! बुटाच्या तळव्याची सगळ्यात रुंद जागा पट्टीने मोजा. मग फोटो स्क्रीनवर मोठा करून त्याच जागेची रुंदी मोजा आणि ठशाची मोजा. बूट नि ठसा एकाच पातळीवर असतील आणि फोटो वरून असेल तर साधं त्रैराशिक.

अर्धवट_अभ्यासू | ९:३०

मस्त धागा चाललाय. मधेच घुसतो: टेकडीवर सध्या सगळं पिवळं झालंय, सोनकीच ना ती? फोटो लांबून आहे, क्षमस्व.

गवतफुल्या | ९:५५

लांबून पिवळं म्हणजे सोनकी किंवा कवला, आणि बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेली.

सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली. आपण जिला एक फूल म्हणतो तो फुलोरा आहे: कडेच्या 'पाकळ्या' एकेक फूल, मधला पिवळा ठिपका म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ. कवला (स्मिथिया) मटाराच्या कुळातला: एक मोठी उभी पाकळी, तिच्यावर तांबडे ठिपके, खाली दोन पंख. त्यालाच पोरं मिकी माऊस म्हणतात. कवल्याचं पान बारीक पर्णिकांचं, सोनकीचं साधं, दातेरी.

नावाची गंमत अशी की 'कवला' म्हणून जी रानभाजी खातात ती याच गटातली, पण वेगळी जात, स्मिथिया सेन्सिटिव्हा. एका नावात अर्धा डझन स्मिथिया सामावतात. म्हणून इथे मराठी नाव लिहिलंत तरी सोबत शास्त्रीय नाव द्या. मराठी नाव घाट उतरला की बदलतं.

अर्धवट_अभ्यासू | १०:०२

भाजीचा विषय निघालाच आहे तर टाकळा खात्रीने कसा ओळखायचा?

झाडपाला | १०:२६

टाकळा आणि कासविंदा शेजारी-शेजारी उगवतात, गल्लत होते. पूर्ण वाढलेलं पान घ्या. टाकळ्यात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. खालच्या जोड्यांच्या मधे दांड्यावर काडीसारखी बारीक ग्रंथी. कासविंद्यात चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, ग्रंथी अगदी तळाशी, देठ जिथे फांदीला मिळतो तिथे. पान चुरगळलं की वास उग्र. शेंग टाकळ्याची बारीक, लांब, कोयत्यासारखी वळलेली. कासविंद्याची चपटी, वर तोंड केलेली, कडा फिकट. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत.

ग्रंथी कुठे आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय भाजी खुडू नका, आणि इथल्या फोटोवरून 'खाऊ का?' विचारू नका. फोटोवरून नाव सांगता येतं, ताटात वाढता येत नाही. कळलावीचा कंद रताळ्यासारखाच दिसतो. त्यात कॉल्चिसीन असतं, ते जीव घेतं.

तिरफळ | १०:३१

+१. ही शेवटची ओळ धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

भिंगवाला | ११:२०

मूळ प्रश्न होता फोटोत काय हवं. त्यावर लिहितो, कारण चुका दर वेळी त्याच असतात.

झाडासाठी एक लांबचा फोटो (अख्खं झाड, घडण दिसेल असा), एक फांदीचा (पानं समोरासमोर की एकाआड एक ते दिसेल असा, पेर हवंच), पान दोन्ही बाजूंनी, खोडाची साल. फूल समोरून एक आणि बाजूने एक. बाजूचा फोटो शंभरातले नव्वद जण काढत नाहीत, आणि नळी किती लांब, मागे शेपूट आहे का, खालच्या हिरव्या वाटीवर केस आहेत का, हे सगळं तिथेच असतं. तेरड्याच्या कितीतरी जाती त्या मागच्या शेपटावरूनच सुटतात.

सालीचं उदाहरण: ऐन आणि अर्जुन. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. नुसत्या पानाचे फोटो टाकले की इथे चार दिवस वाद होतो. सालीचा एक फोटो टाकला की चार सेकंद.

फोनची एक अडचण. पांढरं किंवा फिकट पिवळं फूल उन्हात जळून नुसता डाग दिसतं. फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, पाकळ्यांच्या शिरा दिसेपर्यंत. फोकस मागच्या गवतावर जात असेल तर फुलामागे तळहात धरा. तळहातामुळे माप मिळतं ते वेगळंच.

भिंग दहापटीचं पुरेसं आहे. ते डोळ्याला टेकवायचं आणि वस्तू जवळ आणायची, साधारण अडीच सेंमीवर. लोक हात लांब करून भिंग फुलावर धरतात आणि काही दिसत नाही म्हणून नावं ठेवतात.

पाणदिवड | ११:४१

कीटकांसाठी भर: पंख मिटलेले आणि उघडलेले दोन्ही फोटो, आणि अंगाचा रंग. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची एक मादी कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. पंख बघत बसलात तर फसाल. रोझचं धड लाल, मॉरमॉनचं काळं, मिटला वाद. तसंच प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायची मादी: टायगरच्या मागच्या पंखाच्या मधे तीन-चार काळे ठिपके, एगफ्लायला तिथे काही नाही, फक्त पुढच्या कडेला एक. खरा विषारी एक, सोंग घेणारा दुसरा, आणि पक्षी आपल्याइतकेच फसतात.

उंबरठा | १२:०५

भिंगवाला, ठिकाणाचं काय? फोनचा फोटो जागा आपोआप चिकटवतो. ते बरंच की.

भिंगवाला | १२:३०

ओळखायला ठिकाण हवंच. घाटमाथ्यावरचं सडा-पठार आणि कोकणातलं परसू यांतले उमेदवार वेगळे. जिल्हा, साधारण उंची, अधिवास (सडा, ओढ्याकाठ, भातखाचर, घनदाट रान) आणि तारीख एवढं लिहा.

पण नेमके अक्षांश-रेखांश सगळीकडे टाकू नका. कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती, आमऱ्या म्हणजे ऑर्किड, खवले मांजर: यांची जागा उघड झाली की कंद उपसायला आणि प्राणी धरायला माणूस पोचतो. आयनॅचरलिस्ट (निसर्गनोंदी टाकायचं संकेतस्थळ) धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर करतं, साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजामागे' लिहिलंत तर ते कोण धूसर करणार?

आणि तिथे 'संशोधन दर्जा' असं हिरवं बिरुद दिसलं म्हणजे देववाणी नाही. किमान दोघांचं मत आणि दोन-तृतीयांशांहून जास्त एकमत एवढाच त्याचा अर्थ. दोघांनी ॲपचंच उत्तर टिचकी मारून मान्य केलं तरी बिरुद मिळतं.

खडूस_कोतवाल | १२:३४

लग्नाच्या बैठकीत यापेक्षा कमी मतांवर निर्णय होतात.

पायवाट | संध्याकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार. नवीन माहिती टाकतो.

झाड: आज पुन्हा बघितलं. शेंगांच्या नऊ जोड्या नीट दिसल्या. आठ जोड्यांची खालची टोकं चिकटलेली, एकीची सुटलेली. पान साडेअकरा सेंमी, टोक निमुळतं, लव नाही.

साप: मूळ फोटो मोठा केला. जेवढं पुढचं अंग दिसतं तिथे पट्टे रुंद, मागे अरुंद, शेपटीवर जवळपास नाहीत. अंग तपकिरी. पाठीची ओळ धूसर, मोठी आहे की नाही ते कळत नाही.

ठसा: बूट १०.५ सेंमी. स्क्रीनवर बूट ८४ मिमी, ठसा ३६ मिमी.

झाडपाला | ८:०४

काळा कुडा. ती एक सुटलेली जोडी बघून बिचकू नका, शेंगा जून होत आल्या की टोकं सुटतात. म्हणूनच एका जोडीवर न जाता पाच-दहा बघायच्या, तुम्ही नऊ बघितल्यात ते उत्तम. डिसेंबरात फेरी झाली तर उकललेली शेंग बघा, झुबका देठाच्या बाजूला सापडेल.

खुरखुण | ८:१५

१०.५ गुणिले ३६ भागिले ८४, म्हणजे ४.५ सेंमी. त्यात चिखलाचा पसारा धरला तर खरा पाय चारच्या आसपास. बिबट्या नाही. घरचं मांजर की रानमांजर हे या एका ठशावरून मी सांगणार नाही. नोंद करायची तर 'मांजर कुळ, लहान' अशी करा.

उंबरठा | ८:१७

हुश्श.

सर्पटीप | ८:४०

साप कवड्या असण्याकडे माझा कल आहे, पट्टे विरत गेलेत आणि अंग तपकिरी आहे म्हणून. पण पाठीची ओळ दिसत नाही, डोकं नाही, त्यामुळे नोंदीत 'कवड्या असावा' एवढंच. त्या गडग्याशी वागताना मात्र मण्यार समजूनच वागा: अंधारात बॅटरी, पायात बूट, फटीत हात नाही. गडग्यात कात सापडली तर शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, मग बोलू.

खडूस_कोतवाल | ८:४४

आणि कातीशेजारी दहाचं नाणं विसरू नका. सरळ वरून.